मुंबईच्या उपनगरांतील विमानतळ : एक मोजदाद

घाटकोपर, कुर्लें किंवा विलेपार्लें येथील जुन्या बिऱ्हाडांत बोलण्याची एक विशिष्ट संवय आढळून येते. बोलणारा मनुष्य वाक्याच्या मध्येंच थांबतो, ऐकणाराहि थांबतो, आणि पंधरा-वीस सेकंदांनीं वाक्य जेथें तुटलें असेल तेथून पुढें चालूं होतें. तेवढ्या वेळांत डोक्यावरून एक विमान गेलेलें असतें. बाहेरगांवच्या पाहुण्यास या विरामाचा अर्थ प्रथम कळत नाहीं. घरच्या मंडळींस तर आपण थांबतों हेंच ठाऊक नसतें. विमानांच्या व उतारूंच्या संख्येचे जे आंकडे दरसाल प्रसिद्ध होतात, त्यांचें एक माप असें घरबसल्याहि घेतां येतें. आजोबांच्या वेळीं हे विराम दिवसांतून मोजके असत. नातवाच्या वेळीं गर्दीच्या तासांत ते दीड मिनिटास एक याप्रमाणें येऊं लागले. मधल्या काळांत काय घडलें याची हकीकत सांगण्याचा आमचा विचार आहे. तींत आंकडे येतीलच. परंतु ते आंकडे ज्या जमिनीवर उभे राहिले तिची हकीकत आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते, हें आरंभींच सांगून टाकतों.

ही जमीन साष्टी बेटाची. १९२० सालीं दक्षिण साष्टीचा भाग ठाणें जिल्ह्यांतून वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यांत आला, तेव्हां मरोळ, साहार, चकाला, कोळेकल्याण हीं सगळीं खेडींच होतीं. भाताचीं शेतें, ताडामाडांच्या वाड्या, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी व इतर शेतकरी कुटुंबांचीं घरें, नाक्यानाक्यावर उभे असलेले क्रूस, आणि या सर्वांमधून खाडीकडे जाणारी मिठी नदी, असें तेथील दृश्य असे. १९२८ च्या जानेवारींत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची आगगाडी धांवूं लागली. त्याच सालीं जुहूस विमानें उतरविण्याचें मैदान तयार झालें व बाँबे फ्लाइंग क्लबाचीहि स्थापना झाली. आगगाडीची गोष्ट लोकांच्या स्मरणांत राहिली, कारण ती त्यांना रोज कचेरींत पोंचवीत असे. मैदानाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. तें सखल, चिखलवट जागीं होतें. त्यावर फरसबंदी नव्हती. आणि हौशी, धनवान मंडळींचा तो एक महागडा खेळ आहे, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

ती समजूत बदलण्यास टपाल कारण झालें, उतारू नव्हेत. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. १९२९ पासून इंग्लंडचें विमानी टपाल कराचीपर्यंत येऊं लागलें होतें. तेथून पुढें मात्र तें आगगाडीच्या वेगानें हिंदुस्थानांत शिरे. कराचीपासून मद्रासपर्यंतचा हा तुकडा विमानानेंच जोडावा, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या माजी सैनिकी वैमानिकाची. ती उचलून धरली जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं पहांटे टाटांनीं कराचीच्या ड्रिघ रोड मैदानावरून ‘पस मॉथ’ जातीचें एक इंजिनाचें लहान विमान स्वतः उडविलें. बरोबर पंचावन पौंडांच्या सुमाराचें टपाल होतें. वाटेंत अहमदाबादेस पेट्रोल घेण्यासाठीं ते उतरले. तें पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडीनें आणलेलें होतें. दुपारीं दोनच्या सुमारास विमान जुहूस उतरलें. तेथून टपाल घेऊन व्हिन्सेंट निघाले. अंधार पडल्यामुळें त्यांस बळ्ळारीस मुक्काम करावा लागला व दुसऱ्या दिवशीं ते मद्रासेस पोंचले. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें, मैदानांवर दिवे नव्हते, आणि जुहूची ‘कचेरी’ म्हणजे झावळ्यांनीं शाकारलेली एक झोंपडी होती. बैलगाडीवरून आलेल्या इंधनानें विमान उडावें, यांत विसंगति आहे असें त्या वेळीं कोणास वाटलें नसावें. आपल्याकडील पुष्कळशा नव्या गोष्टींचा प्रारंभ अशाच रीतीनें झालेला आहे.

१९३३ या पहिल्या पूर्ण वर्षांत या टपालसेवेच्या विमानांनीं एक लक्ष साठ हजार मैलांचा प्रवास केला, दहा टनांच्या आसपास टपाल नेलें, आणि उतारू नेले १५५. वर्षाचे एकशेंपंचावन! टपालाच्या थैल्यांशेजारीं जागा उरली तर एखादा उतारू घ्यावयाचा, असा तो प्रकार होता. आजच्या साध्या, मध्यम आकाराच्या विमानांत एकशेंऐंशींच्या आसपास आसनें असतात. म्हणजे त्या वर्षाचे सगळे उतारू एका विमानांत बसवूनहि कांहीं खुर्च्या रिकाम्या राहतील.

जुहूचा मोठा दोष पावसाळ्यांत प्रकट होई. मृगाचा पाऊस लागला कीं मैदानाचें तळें होई, आणि विमानें, वैमानिक, कारागीर असा सगळा संसार उचलून पुण्यास न्यावा लागे. तेथें येरवड्याच्या तुरुंगाखालचें एक मैदान वापरण्यांत येई. चातुर्मास घांटावर घालवून ही मंडळी दसऱ्याच्या सुमारास मुंबईस परत येत असतील, या कल्पनेचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली होती, ती ही कीं, मुंबईस बाराहि महिने चालणारा विमानतळ हवा असेल तर तो समुद्रकांठ सोडून थोडा आंत, उंच जागीं नेला पाहिजे.

तशी जागा युद्धानें मिळवून दिली. सांताक्रूझच्या पूर्वेस, पार्लें व कुर्लें यांच्या दरम्यान, ब्रिटिश हवाई दलाचें मैदान झालें व दुसऱ्या महायुद्धांत तें वाढत गेलें. सैन्याच्या गरजेसाठीं जागा घेतांना गांवकऱ्यांशीं जितका विचारविनिमय होतो तितकाच येथेंहि झाला असेल. धांवपट्ट्या दोन झाल्या, आणि त्या एकमेकींस छेदून जाणाऱ्या अशा झाल्या. लहान विमानांस वारा आडवा लागूं नये म्हणून त्या काळीं अशी रचना पुष्कळ ठिकाणीं करीत. तेव्हांच्या मानानें ती योग्यच होती. पुढें ती या विमानतळास किती महाग पडली तें ओघानें येईलच.

युद्ध संपल्यावर प्रवासी विमानें जुहूहून सांताक्रूझला आलीं. टाटांच्या कंपनीचें १९४६ च्या जुलैंत एअर-इंडिया असें नामांतर झालें होतें, आणि ८ जून १९४८ रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें कॉन्स्टेलेशन जातीचें विमान पस्तीस उतारू घेऊन सांताक्रूझहून कैरो व जिनिव्हामार्गें लंडनला गेलें. त्या काळच्या आणखी एका योजनेचा उल्लेख केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं, कारण तींत आपलें नागपूर मध्यवर्ती होतें. १९४९ च्या जानेवारींत रात्रीच्या विमानी टपालाची सुरुवात झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चार शहरांतून चार विमानें रात्रीं निघत, मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत व पहांटे आपापल्या गांवीं परतत. पुढें जीं विमानें केवळ माणसांसाठीं उडूं लागलीं, त्यांची वाट या टपालानें घालून दिली. १९५३ च्या ऑगस्टांत विमानकंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें आणि सांताक्रूझ हें सरकारी विमानसेवेचें मुख्य ठाणें बनलें. १९५८ सालीं उतारूंसाठीं नवी इमारत झाली. १९६० सालीं बोइंग ७०७ हीं जेट विमानें आलीं, आणि शेजारच्या गांवांस विमान म्हणजे आवाज हा अर्थ प्रथम तेव्हांच नीट कळला.

मध्यंतरींच्या काळांत उपनगरेंहि तशीं राहिलीं नव्हतीं. अंधेरीपर्यंतचा भाग १९५० सालीं मुंबईच्या नगरपालिकेंत गेला, आणि १९५७ सालीं दहिसर-मुलुंडपर्यंतची हद्द तींत सामील झाली. पार्ल्यांत मध्यमवर्गीयांचे बंगले व चाळी होत्याच. आतां अंधेरी, मरोळ, घाटकोपर, विक्रोळी या पट्ट्यांत कारखाने आले, कारखान्यांमागून कामगार आले, कामगारांमागून वस्त्या आल्या. विमानतळ पूर्वीं गांवाबाहेर होता. तो कोठें हलला नाहीं. गांवच त्याच्या भोंवतीं फिरून त्याला वेढून बसलें.

जुहूचें मैदान लहान विमानांसाठीं राहिलें होतें, आणि तें सांताक्रूझपासून पश्चिमेस इतकें जवळ होतें, शिवाय तेथील मुख्य धांवपट्टीची दिशाहि इतकी सारखी होती, कीं समुद्राकडून येणाऱ्या वैमानिकाची फसगत व्हावी. ती दोनदां झाली. १९५३ सालीं एका ब्रिटिश कंपनीचें कॉमेट जेट विमान चुकून जुहूस उतरलें. कांहीं दिवसांनीं तें तेथून उडवून नेण्यांत आलें. १९७२ च्या सप्टेंबरांत एका जपानी डीसी-८ विमानानें तीच चूक केली. जुहूची पट्टी सांताक्रूझच्या मोठ्या पट्टीच्या एक तृतीयांश लांबीची. विमान पट्टी संपून पलीकडे गेलें व निकामी झालें. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. दोन विमानतळांमध्यें एक अख्खें उपनगर होतें, परंतु वरून पाहणाऱ्यास तें दिसलें नाहीं. आमच्या मतें या हकीकतीचा अर्थ वैमानिकांच्या चुकीपुरता मर्यादित नाहीं.

१९७१ सालीं ‘एम्परर अशोक’ हें पहिलें जंबो विमान आलें. (१ जानेवारी १९७८ रोजीं तेंच विमान सांताक्रूझहून उडाल्यावर थोड्याच वेळांत वांद्र्याच्या समोर समुद्रांत कोसळलें व त्यांतील २१३ माणसें मृत्यु पावलीं, ही आठवण त्या पिढीच्या मुंबईकरांत अद्याप ताजी आहे.) एका विमानांतून साडेतीनशें-चारशें माणसें उतरूं लागतांच पूर्वीची इमारत अपुरी पडली. तेवढ्यांत आखाती देशांत तेल व पैसा यांचा पूर आला, आणि रत्नागिरीचा गवंडी, केरळचा सुतार, उत्तरेकडील मजूर, सगळे मुंबईमार्गें दुबई-कुवेतकडे जाऊं लागले. विमानप्रवास हें जें श्रीमंतांचें लक्षण समजलें जाई, तें येथेंच प्रथम खोटें ठरलें. कर्ज काढून तिकीट घेतलेल्या त्या माणसांचा उल्लेख विमानप्रवासाच्या इतिहासांत फारसा येत नाहीं, हा त्या इतिहासाचा दोष होय. १९७९ सालीं सांताक्रूझच्या इमारतीस मोठी आग लागली. १९८१ च्या सुमारास साहार गांवाच्या बाजूस परदेशी उड्डाणांसाठीं नवी इमारत चालूं झाली, आणि एका ख्रिस्ती खेड्याचें नांव साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडीं झालें. ‘साहारला जावयाचें आहे’ म्हणजे कोणी तरी परदेशीं निघालें आहे, असें समजावें. युरोपांत रात्रीं विमानें उतरूं देत नसत. म्हणून तेथें सकाळीं पोंचणारें विमान येथून मध्यरात्रींनंतर सोडावें लागे. त्यामुळें जाणारा एक व पोंचविणारे पंधरा अशा मंडळ्या हार-नारळ घेऊन, झोंपाळलेलीं मुलें खांद्यावर टाकून अपरात्रीं साहारच्या कठड्याशीं उभ्या असत. दुसऱ्यांची झोंप मोडूं नये म्हणून तिकडे केलेल्या नियमाची भरपाई मरोळ-साहारच्या रहिवाशांनीं आपल्या झोंपेनें केली, असें म्हटल्यास तें फारसें चूक होणार नाहीं.

यानंतरचें वळण १९९१-९२ चें. सरकारनें आकाश खाजगी कंपन्यांस खुलें केलें. १९९२ सालीं ईस्ट-वेस्ट व १९९३ सालीं जेट एअरवेज यांचीं विमानें मुंबईहून उडूं लागलीं. १९९४ सालीं सरकारी मक्तेदारीचा कायदाहि गेला. त्याच सुमारास, १९९१ सालीं, धांवपट्टीच्या दुरुस्तीसाठीं तामिळनाडूंतून मजूर आणण्यांत आले. काम संपल्यावर त्यांपैकीं कांहीं परत गेले नाहींत. साहार रस्त्यालगतच्या पाणथळ तुकड्यावर माती टाकून त्यांनीं झोंपड्या बांधल्या, आणि ती वस्ती अण्णावाडी या नांवानें ओळखली जाऊं लागली. कॅथरिन बू या अमेरिकन लेखिकेच्या २०१२ सालच्या पुस्तकामुळें या वस्तीचें नांव जगभर गेलें. धांवपट्टी दुरुस्त करणाराच तिच्या कडेला अतिक्रमण करणारा ठरला! जरीमरी, साकीनाका, कुर्ल्याचा पश्चिम भाग, वाकोला येथील वस्त्यांच्या कहाण्या थोड्याफार फरकानें अशाच आहेत. विमानतळाची एकूण जमीन सुमारें साडेअठराशें एकर. तींत झोंपड्यांची कुटुंबें ऐंशीं हजारांच्या घरांत भरतात. २००६ सालीं विमानतळाचा कारभार खाजगी-सरकारी भागीदारीच्या कंपनीकडे गेल्यावर या कुटुंबांच्या पुनर्वसनाचें मोठें कंत्राट देण्यांत आलें; तें पुढें रद्द झालें, व बहुतेक कुटुंबें होतीं तेथेंच राहिलीं.

साडेअठराशें एकर म्हणजे किती, हें दिल्लीशीं ताडून पाहिल्यास लक्षांत येतें. दिल्लीच्या विमानतळास पांच हजारांहून अधिक एकर जमीन आहे व तेथें चार धांवपट्ट्या झाल्या आहेत. मुंबईच्या दोनच, आणि त्याहि एकमेकींस छेदणाऱ्या. त्यामुळें प्रत्यक्षांत एका वेळीं एकच वापरतां येते. युद्धकालीन आंखणीचें हें देणें. २००८-०९ च्या सुमारास उतारूंच्या संख्येंत दिल्ली मुंबईच्या पुढें गेली व पुढेंच राहिली. यांत मुंबईच्या लोकांची हौस कमी पडली असें नव्हे, तर जमीन कमी पडली.

जमीन वाढत नाहीं म्हटल्यावर वेळ कापण्यास सुरुवात झाली. एका धांवपट्टीवर ताशीं ४६ चढउतार करण्याचें प्रमाण ठरलें. म्हणजे दर अठ्ठ्याहत्तर सेकंदांस एक विमान उतरावयाचें किंवा उडावयाचें. उतरलेल्या विमानानें पट्टी चटकन् सोडावी म्हणून तिरक्या वाटा काढण्यांत आल्या, वैमानिकांस शिस्त लावण्यांत आली, नियंत्रकांनीं सेकंदांचा हिशेब बसविला. डिसेंबर २०१८ मध्यें एका दिवसांत १,००७ चढउतार झाले, आणि ११ नोव्हेंबर २०२३ रोजीं, दिवाळीच्या ऐन गर्दींत, १,०३२. एका धांवपट्टीच्या विमानतळावर हें करून दाखविणें ही कारागिरीच होय, व तिचें श्रेय देण्यांत आम्ही कृपणता करणार नाहीं. पण जो धागा इतका ताणलेला असतो त्यास थोडासा धक्काहि पुरतो. एखादें विमान दोन मिनिटें अधिक रेंगाळलें कीं मागचीं सगळीं अरबी समुद्रावर किंवा सह्याद्रीवर घिरट्या घालीत बसतात. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्यें सरकारनेंच गर्दीच्या तासांतील प्रमाण ४६ वरून ४४ वर आणण्यास सांगितलें. वाढीच्या आंकड्यांची संवय झालेल्या आमच्यासारख्यांस सरकारनें आंकडा मुद्दाम कमी केल्याचें वाचून थोडें नवलच वाटलें.

उतारूंचे आंकडेहि पाहण्यासारखे आहेत. २०१८-१९ सालीं मुंबईस ४ कोटी ८८ लाखांच्या सुमारास उतारूंची ये-जा झाली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्रीं जेट एअरवेजचें शेवटचें विमान अमृतसरहून मुंबईस उतरलें आणि ती कंपनी बंद पडली. त्या वर्षाचा आंकडा ४ कोटी ५९ लाखांवर घसरला. एवढ्या मोठ्या विमानतळाचा हिशेब एका कंपनीच्या जिवावर किती अवलंबून होता, हें तेव्हां दिसलें. त्यापुढच्या सालीं महामारी आली. २५ मार्च २०२० पासून २४ मेपर्यंत देशांतर्गत प्रवासी उड्डाणें पूर्ण बंद होतीं. ते दोन महिने उपनगरांतील लोकांनीं आपलीं वाक्यें अखंड पुरीं केलीं. पार्ल्यांत सकाळीं कोकिळा ऐकूं येई. ती पूर्वींहि ओरडत असणार, पण ऐकूं कोणास येत होती? २०२०-२१ चा आंकडा १ कोटी १० लाखांवर आला. तेथून मात्र तो ज्या वेगानें वर चढला त्याचा अंदाज थोड्यांनींच केला असेल : २०२२-२३ सालीं ४ कोटी ३९ लाख, २०२३-२४ सालीं ५ कोटी २८ लाख, २०२४-२५ सालीं ५ कोटी ५१ लाख. विमानतळाची सांगितली जाणारी कमाल शक्तिहि साडेपांच कोटींचीच. दिवसास सरासरी दीड लाख माणसें. टाटांच्या टपालसेवेचे सबंध १९३३ सालांतील उतारू येथें दीड मिनिटांत निघून जातात. एक संख्या एका कंपनीची व दुसरी एका विमानतळाची असल्यामुळें तुलना काटेकोर नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु प्रमाण ध्यानांत येण्यास ती पुरेशी आहे.

आतां जमिनीकडे पुन्हां वळूं. कारण या आंकड्यांचा भार तिलाच वाहावा लागला. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पवईकडून येणाऱ्या मिठी नदीस विमानतळाशीं काटकोनांत वळणें घ्यावीं लागतात व धांवपट्टीखालून अरुंद वाटेनें जावें लागतें. भराव घालून पात्र आंखडलेल्या त्या नदीनें त्या दिवशीं आपली जुनी हद्द परत घेतली. कुर्लें, कलिना, जरीमरी पाण्यांत बुडालीं. धांवपट्टीहि बुडाली व विमानतळ एका दिवसाहून अधिक काळ बंद राहिला. पुढें माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं जी सत्यशोधन समिति नेमण्यांत आली, तिच्या अभ्यासांत मिठीच्या पात्राचा विचार प्रामुख्यानें झाला. विमानतळाची हकीकत नदीच्या हकीकतीपासून वेगळी काढतां येत नाहीं, हें उपनगरवासीयांस त्या रात्रीं कमरेइतक्या पाण्यांतून घरीं चालत येतांना कळून चुकलें होतें.

दुसरा भार उंचीचा. उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखालीं इमारती किती उंच असाव्यात याचे नियम आहेत, व ते असलेच पाहिजेत. पण त्यांमुळें पार्लें, सांताक्रूझ, कुर्लें, घाटकोपर येथील कित्येक जुन्या सोसायट्या अडकून पडल्या. साठ-सत्तर वर्षांच्या, गिलावा सुटलेल्या इमारती पाडून नव्या बांधावयाच्या, तर वाढीव मजले मिळत नाहींत. मजले नाहींत तर बांधकाम करणारा पुढें येत नाहीं. आणि सभासदांना स्वतःच्या पैशानें बांधणें झेपत नाहीं. बाकीच्या मुंबईंत आकाश विकून घर नवें करतां येतें. येथें आकाश आधींच दुसऱ्यास दिलेलें आहे. निवृत्त शिक्षक, बँकेंतील कारकून, विधवा स्त्रिया अशा लोकांचीं हीं घरें आहेत. विमानतळाच्या जमाखर्चांत त्यांचें खातें नाहीं.

आणि २८ जून २०१८ ची दुपार. जुहूहून चांचणीसाठीं निघालेलें एक बारा-तेरा आसनांचें जुनें विमान पावसांत घाटकोपरच्या सर्वोदयनगरांत, एका अपुऱ्या बांधकामापाशीं कोसळलें. विमानांतील चौघे गेले, आणि रस्त्यानें जाणारा एक पादचारी गेला. जेवणाच्या सुटीमुळें बांधकामावरचे मजूर बाजूस होते, म्हणून संख्या पांचांवर थांबली. दाट वस्तीवरून वर्षाला लाखों चढउतार होत असतां असे प्रसंग क्वचित् घडतात, ही विमानविद्येची मोठी कामगिरी खरीच. परंतु तो पादचारी कोणत्याहि तक्त्यांत ‘उतारू’ म्हणून मोजला गेलेला नव्हता.

दुसरा विमानतळ हवा, ही चर्चा अर्धशतकाहून जुनी आहे. रेवस-मांडव्याचें नांव पुष्कळ वर्षें घेतलें जात होतें. शेवटीं पनवेलजवळची जागा ठरली. केंद्र सरकारची मंजुरी २००७ सालीं, पर्यावरणखात्याची २०१० सालीं, पायाभरणी २०१८ सालीं, उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं, आणि पहिलीं प्रवासी विमानें २५ डिसेंबर २०२५ रोजीं. सुमारें ११६० हेक्टर जमीन, दोन समांतर धांवपट्ट्यांची आंखणी, पहिल्या टप्प्यांत वर्षाला दोन कोटी उतारू व सर्व टप्पे मिळून नऊ कोटी. साष्टींत जी चूक झाली ती येथें आंखणींत टाळलेली आहे, हें मान्य केलें पाहिजे.

जमिनीची गोष्ट मात्र ओळखीची आहे. उलव्याची टेंकडी सपाट करण्यांत आली, उलवें नदीचा प्रवाह वळविण्यांत आला, आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली अशा दहा गांवांतील तीन हजारांवर कुटुंबांस घरें सोडून जावें लागलें. साहारच्या व कोळेकल्याणच्या शेतकऱ्यांपेक्षां यांची स्थिति एका बाबतींत बरी होती, आणि तें श्रेय दि. बा. पाटील यांच्याकडे जातें. १९८४ च्या जानेवारींत जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनांत पांच शेतकरी गोळीबारांत मृत्युमुखीं पडले; त्या लढ्यांतून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व निघालें. युद्धकाळीं ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांना असा कोणी वाली मिळाला नव्हता. विमानतळास पाटलांचें नांव द्यावें म्हणून २०२१ सालीं हजारों भूमिपुत्र रस्त्यावर आले व २०२२ सालीं राज्य विधिमंडळानें तसा ठराव केला. नांवासाठीं एवढा आग्रह कां, असें शहरांत पुष्कळांनीं विचारलें. आम्हांस तो प्रश्न विचारणाऱ्यांचेंच नवल वाटलें. ज्या गांवांचीं नांवें नकाशावरून गेलीं त्यांच्याकडे मागण्यासारखें दुसरें काय उरलें होतें?

आरंभीच्या दिवसांत नव्या विमानतळावर सकाळीं आठपासून रात्रीं आठपर्यंतच विमानें ये-जा करीत होतीं, आणि तींहि थोडीं. आठ वाजल्यानंतर पनवेलच्या त्या बाजूस खाडीवरचा वारा तेवढा ऐकूं येई. इकडे सांताक्रूझच्या धांवपट्टीवर त्याच वेळीं रात्रीच्या विमानांची रांग लागत असे, आणि घाटकोपरच्या बिऱ्हाडांतून जेवणाच्या पाटांवर बसलेली मंडळी बोलतां बोलतां मध्येंच थांबत असत.